अरेषीय दोलने व केऑस : बेळगाव सीमाभागातील निसर्ग आणि समाज

अरेषीय दोलने व केऑस : नदीची पातळी, शेतातल्या किडीची संख्या, बाजारातला दर यांसारखी एखादी राशी पुन्हा पुन्हा वर-खाली होत राहिली की त्या हालचालीला दोलन म्हणतात. जेवढा धक्का तेवढीच हालचाल, असा हिशेब जिथे जुळतो ते दोलन रेषीय. धक्का दुप्पट झाल्यावर परिणाम कधी दहापट होतो, कधी काहीच होत नाही, ते अरेषीय. अरेषीय दोलनांपैकी काही विझून जातात, काही ठरावीक आवर्तन धरतात. काहींचे नियम मात्र पक्के असूनही चाल कधीच जशीच्या तशी परत येत नाही. सुरुवातीचा नखाएवढा फरक झपाट्याने वाढतो आणि लांबचे भाकीत हातातून निसटते. या शेवटच्या प्रकाराला केऑस म्हणतात. रस्त्यावर गोंधळ झाला की वर्तमानपत्रे ज्याला केऑस म्हणतात, त्याचा याच्याशी फारसा संबंध नाही.

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिकोडी, अथणी हा पट्टा या विषयाच्या अभ्यासाला सोयीचा आहे. एकाच जिल्ह्यात कणकुंबीला वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर अथणीला जेमतेम पाचशे-सहाशे. इथल्या बहुतेक मोठ्या नद्यांचे पाणी दुसऱ्या राज्यातून येते, शेती उसाभोवती फिरते, शहरात फौंड्री आणि मशीन शॉप आहेत, आणि सीमावाद तर १९५६ पासून धुमसतोच आहे. या सगळ्याला सरसकट ‘केऑस’ म्हणण्याची हल्ली फॅशन आहे. प्रत्यक्षात इथे निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात: विलंबातून येणारी दोलने, खरा केऑस, आणि उंबरठा ओलांडल्यावर होणारा भडका.

लेथवरचा चॅटर

अरेषीय दोलन डोळ्यांनी पाहायचे आणि कानांनी ऐकायचे असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जावे. लेथवर फिरणाऱ्या लांब, बारीक शाफ्टवर (दांड्यावर) कट घेताना टूल, म्हणजे कापणारे हत्यार, मध्येच किंचाळू लागते आणि जॉबवर, म्हणजे कापल्या जाणाऱ्या तुकड्यावर, तिरप्या, बारीक लाटा उमटतात. ऑपरेटर म्हणतो, ‘चॅटर मारतंय.’ टूलची धार गेली असेल असे बघणाऱ्याला वाटते. पण नव्या टूलनेही हे होते. टूलने मागच्या फेऱ्यात पृष्ठभाग किंचित लाटदार कापलेला असतो. पुढच्या फेऱ्यात तेच टूल त्या लाटांवरून जाते, चिपची (निघणाऱ्या किसाची) जाडी क्षणाक्षणाला बदलते, त्याबरोबर टूलवरचा जोर बदलतो, टूल आणखी हलते आणि मागे नवी लाट ठेवून जाते. म्हणजे या क्षणी टूल कसे हलेल, हे शाफ्टच्या एक फेरा आधी ते कसे हलले होते यावर ठरते.

जुनी लाट आणि नवी लाट एकमेकींच्या पावलावर पाऊल टाकून आल्या तर चिपची जाडी सारखीच राहते आणि काम गुळगुळीत होते. पाऊल चुकले की दोलन वाढत जाते. म्हणूनच आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) कमी केल्याने चॅटर थांबतो तसा कधी कधी वाढवल्यानेही थांबतो, ही गोष्ट नव्या पोराला पटवून द्यायला वेळ लागतो. टूलचा ओव्हरहँग (पकडीबाहेर आलेला भाग) कमी करणे, स्टेडी (शाफ्टला मध्ये टेकू) लावणे, कट हलका घेणे हे बाकीचे उपाय. फ्रेडरिक टेलर यांनी १९०७ मध्ये धातू कापण्यावरच्या आपल्या प्रबंधात चॅटरची गणना कारागिरापुढच्या सर्वांत गूढ प्रश्नांत केली होती. मागच्या फेऱ्याच्या लाटेचा हा खुलासा विसाव्या शतकाच्या मध्यास पक्का झाला.

दोलन वाढत जाते, पण अमर्याद वाढत नाही. एका हद्दीनंतर टूल जॉबपासून सुटते आणि त्या क्षणी कापण्याचा जोर एकदम शून्य होतो. अरेषीयता नेमकी इथे शिरते. हलक्या कटात चॅटरचा सूर एकच असतो. कट खोल गेला की टूल वेळीअवेळी सुटत-लागत राहते, आणि गणिती प्रतिमानांत या टप्प्यावर केऑस दिसतो. विलंब, वाढ आणि हद्द ही त्रयी पुढे रताळ्यात आणि उसातही भेटते.

गणित

आंरी पोआंकारे यांना तीन खगोलीय पिंडांच्या गतीचा प्रश्न सोडवताना १८९० च्या सुमारास या वागणुकीची पहिली चाहूल लागली. बाल्टाझार फान डेर पोल यांनी १९२० च्या दशकात व्हॉल्व्हच्या (निर्वात नळीच्या) विद्युत मंडलांत स्वतःचे आवर्तन स्वतःच टिकवून धरणारी दोलने अभ्यासली. सर्वांत गाजलेली गोष्ट एडवर्ड लॉरेन्झ यांची. हवामानाचे प्रतिमान संगणकावर पुन्हा चालवताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढेच आकडे भरले, आणि काही काळाने दोन्ही हवामाने एकमेकांना ओळखही देईनाशी झाली. १९६३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. ब्राझीलमध्ये पंख हलवून टेक्सासात वादळ उठवू शकेल का, असे विचारले जाणारे फुलपाखरू त्यांच्या १९७२ च्या व्याख्यानाच्या शीर्षकात आले. ते फुलपाखरू आता इतके वापरून झाले आहे की इथे त्याला विश्रांती दिलेली बरी.

जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये त्याहून सोपे उदाहरण दिले. शेतातल्या किडीची संख्या शून्य ते एक या मापात मोजली, तर

पुढच्या हंगामाची संख्या = क × आताची संख्या × (१ − आताची संख्या)

यात ‘क’ म्हणजे वाढीचा जोर. तो १ ते ३ च्या दरम्यान असेल तर संख्या एका आकड्यावर स्थिरावते. ३ च्या वर गेला की एक हंगाम जास्त, एक कमी अशी पाळी लागते, सुमारे ३.४५ नंतर चार हंगामांची, मग आठांची. ३.५७ च्या पुढे बहुतेक ठिकाणी केऑस, मधूनच शिस्तीची खिडकी. ‘क’ मधली ही दुपटीची अंतरे ज्या प्रमाणात आखडत जातात ते गुणोत्तर शेवटी ४.६६९ ला येऊन टेकते, आणि अशा अनेक वेगवेगळ्या समीकरणांत ते तेच निघते, हा मिचेल फायगेनबाउम यांचा १९७० च्या दशकातला शोध.

मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर हे करून बघता येते. क = ४ घ्या आणि एकदा ०.३०० पासून, एकदा ०.३०१ पासून सुरुवात करा. तिसऱ्या हंगामाला दोन्हीकडे ०.९९ च्या आसपास. सातव्याला एकीकडे ०.८७, दुसरीकडे ०.७७. आठव्याला ०.४५ आणि ०.७२. समीकरणात नशिबाचा भाग कुठेही नाही, तरी आठ हंगामांत अंदाज कोलमडला.

पाऊस आणि नद्या

सीमाभागात केऑसचे निर्विवाद उदाहरण म्हणजे रोजचे हवामान. घाटमाथ्यावर जोराचा पाऊस लागणार हे तीन-चार दिवस आधी बऱ्यापैकी सांगता येते. तो कणकुंबीला जास्त लागेल की जांबोटीला, हे सांगणे अवघड. दोन आठवड्यांच्या पलीकडे दिवसवार अंदाजाला अर्थ उरत नाही. हवामान खाते म्हणूनच सुरुवातीच्या आकड्यांत मुद्दाम किंचित फरक करून एकाच वेळी अनेक अंदाज चालवते आणि ते किती फाकतात यावरून शक्यता सांगते. मग जूनच्या आधी साऱ्या पावसाळ्याचा अंदाज कशाच्या बळावर देतात? ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ल यांनी १९८१ मध्ये दाखवले की उष्ण कटिबंधात हंगामाची सरासरी बऱ्याच अंशी समुद्राच्या पृष्ठतापमानासारख्या संथ बदलणाऱ्या गोष्टींवर ठरते. रोजची चाल हाती लागत नसली तरी हंगामाचा कल काही प्रमाणात लागतो. पेरणी कोणत्या दिवशी करावी, या शेतकऱ्याच्या प्रश्नाला मात्र त्यातून उत्तर मिळत नाही.

नद्यांचे प्रकरण वेगळे. चिकोडी-निपाणी भागात ऊन पडलेले असते आणि कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी हे कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात, कारण पाऊस वर सह्याद्रीत झालेला असतो. पाणी हळूहळू चढते, पण वाहतूक एकदम तुटते: पुलावर वीतभर पाणी आले की दहा मिनिटांच्या वाटेला तासाचा वळसा. शिवाय कृष्णा फुगलेली असेल तर तिला मिळणाऱ्या दूधगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागे तुंबते. विसर्ग तेवढाच असूनही पातळी निराळी, हे अरेषीयतेचे रोखठोक उदाहरण.

त्यात धरणांचा विलंब मिसळतो. पावसाळा संपताना धरण भरलेले हवे, आणि ऐन पावसात पूर पोटात घ्यायला त्यात जागाही हवी. आधी भरून ठेवले आणि मागून जोर आला तर सगळे एकदम सोडावे लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव हे तिन्ही जिल्हे एकाच वेळी बुडाले. घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून सोडलेले पाणी आणि मार्कंडेयाचा पूर यांच्यात गोकाक शहर सापडले, लोळसूरचा पूल पाण्याखाली गेला. खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वर कितपत परिणाम होतो, यावर दोन राज्यांचे एकमत झालेले नाही. या महापुराला केऑस म्हणण्याचे कारण नाही. पाऊस केऑसमधून आला. पुढचे काम उंबरठ्यांनी आणि उशिराने केले.

रताळी आणि ऊस

बेळगावच्या पश्चिमेला, वेंगुर्ला रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत रताळ्याचे पीक मोठे. पावसाळ्याच्या सुरुवातीला वेलीचे तुकडे सरी-वरंब्यावर लावतात. काढणी नवरात्राच्या सुमारास सुरू होते आणि माल बेळगावच्या मार्केट यार्डातून दूरवर जातो. वेल लावताना शेतकऱ्यापुढे दर असतो तो मागच्या हंगामाचा. मागच्या वर्षी चांगला दर लागला की यंदा ज्याच्या-त्याच्या शेतात रताळी; सगळ्यांचा माल एकदम यार्डात आला की दर कोसळतो, काढणीची मजुरीही निघत नाही; पुढल्या वर्षी लावण कमी, आणि दर पुन्हा वर. लेथच्या टूलला मागचा फेरा नडतो तसा इथे मागचा हंगाम.

अर्थशास्त्रात या रचनेला निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये कोळिष्टकाचे नाव दिले, कारण आलेखावर तिची रेघ जाळ्यासारखी फिरते. मोर्डेकाय इझिकिएल यांनी १९३८ मध्ये तिची सविस्तर मांडणी केली. दराला शेतकरी जितका जोरात प्रतिसाद देतो त्या मानाने गिऱ्हाईक कमी देत असेल, तर चढउतार वाढत जातात. जमीन, मजूर आणि घरचे भांडवल यांच्या हद्दी त्यांना आवर घालतात.

उसात हेच चक्र लांबलेले असते. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा, त्यानंतर खोडवा, म्हणजे त्याच खोडांतून पुन्हा फुटलेला ऊस. म्हणजे आज घेतलेला निर्णय दोन-तीन गाळप हंगाम पुरतो. साखर जास्त झाली की भाव पडतो, कारखान्यांकडे बिले थकतात, शेतकरी नाराज होऊन क्षेत्र कमी करतो, मग साखरेची टंचाई आणि पुन्हा लावण. भारतीय साखर धंद्यातले हे आवर्तन साधारण पाच-सहा वर्षांचे समजले जाते. २००९ नंतर एफआरपीने, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेल्या किमान दराने, उसाच्या दराला खालून आधार दिला आणि पुढे इथेनॉलने जादा उसाला वाट काढून दिली, त्यामुळे चक्राचा खालचा अर्धा भाग उथळ झाला. अथणी-रायबागकडे पाणी असेल तिथे शेतकरी ऊस सोडायला तयार नसतो, याचे एक कारण हेच.

सीमावादाचा उंबरठा

सीमावादावरचा महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला, त्याचा अहवाल पुढच्याच वर्षी आला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. वादाची ही चाल अत्यंत संथ. तिच्यावर वर्षाचे ठरलेले धक्के बसत असतात: १ नोव्हेंबरचा काळा दिन, १७ जानेवारीचा हुतात्मा दिन, बेळगावात भरणारे कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन. धक्का दरवर्षी सारखाच, पण एखादे वर्ष शांततेत जाते आणि एखाद्या वर्षी दोन्हीकडच्या एसटी सीमेवर थांबतात, प्रवाशांना कोगनोळीला उतरून पलीकडची गाडी शोधावी लागते.

मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७८ च्या प्रतिमानातून याचा उलगडा होतो. शंभर माणसे घ्या. पहिला कुणाचीही वाट न बघता दगड उचलतो, दुसरा एकाला पाहून, तिसरा दोघांना पाहून, असे नव्व्याण्णवपर्यंत. सगळे शंभर सामील होतात. आता दुसऱ्या माणसाचा उंबरठा एकावरून दोनावर नेला, तर पहिला एकटाच उरतो आणि दंगल होतच नाही. दोन्ही गर्दी जवळजवळ एकसारख्या, परिणाम टोकाचे. ६ डिसेंबर २०२२ रोजी हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली आणि लगोलग पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले; मोबाइलवरचे चित्रण पोचले की पलीकडच्या गावातलाही उंबरठा खाली येतो. निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय महामार्ग अडवला. तंबाखूचा दर त्याआधीही पाडला जात होता. त्या वर्षी उंबरठे जुळले.

असे वागणे अरेषीय खरे, पण त्यात सतत चालू राहणारी चाल नाही, म्हणून त्याला केऑस म्हणणे सैलपणाचे ठरते.

पुरावा

निसर्गातल्या सजीवांत केऑस सिद्ध करणे कठीण जाते. त्याचा नावाजलेला पुरावा १९९७ चा, आणि तोही प्रयोगशाळेतल्या पिठातल्या किड्यांवरचा: प्रौढांची मरतूक आणि नव्या प्रौढांची भरती हाताने ठरवून संशोधकांनी किड्यांची संख्या स्थिरतेतून आवर्तनात आणि आवर्तनातून केऑसमध्ये नेऊन दाखवली. खानापूरच्या भातावर तुडतुड्यांचा उद्रेक होतो तेव्हा पाऊस, फवारणी आणि फवारणीत मेलेले, तुडतुडे खाणारे कोळी (आठ पायांचे किडे) हे सगळे एकत्र काम करत असते. त्यातून केऑस वेगळा काढता येत नाही. बाजाराच्या दरांचे तर आणखी अवघड. केऑस आणि निव्वळ योगायोग यांच्यात फरक करणाऱ्या कसोट्यांना शेकडो-हजारो नोंदी लागतात, आणि रताळ्याचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. पन्नास वर्षांचे दर कुणी जपून ठेवले असले तरी हाती पन्नासच आकडे येतात, आणि तेवढ्या काळात रस्ते, वाण, गिऱ्हाईक असे सगळेच बदललेले असते.