‘स्टुडिओ मास्टर’ म्हणजे नेमका कुठला मास्टर? हाय-रेझ डाउनलोडच्या वादाची पार्श्वभूमी

ठाण्यातल्या आमच्या ऐकणाऱ्यांच्या कंपूत सध्या एका अल्बमवरून जुंपली आहे. रविवारी सकाळी नौपाड्यात कुणा एकाच्या घरी जमायचं, चहा त्याचा आणि वाद सगळ्यांचा, असा हा कंपू. त्यातल्या एका मित्राने १९९४ च्या सुमारास निघालेला भावगीतांचा अल्बम एका परदेशी दुकानातून २४/९६ मध्ये विकत घेतला, म्हणजे सेकंदाला ९६ हजार नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा; सीडीच्या ४४.१/१६ पेक्षा वरच्या या दर्जाला हाय-रेझ म्हणतात. सोळाशेच्या घरात किंमत, वर कार्डावर परकीय चलनाचे आकार वेगळे. हाच अल्बम त्याच्याकडे सीडीवर होता, म्हणून दोन्ही लागोपाठ लावून पाहिले. नव्या फाइलमध्ये जास्त काही सापडलं नाही. उलट आवाज चढा, आणि सीडीवर तबल्याची बोटं सुटी ऐकू यायची तीही एकमेकांत मिसळलेली. विक्रेत्याच्या पानावर मात्र ठळक अक्षरांत होतं: ‘स्टुडिओ मास्टर’.

वादाचं मूळ या दोन शब्दांत आहे; मास्टर म्हणजे ज्यावरून बाजारातल्या प्रती निघतात ते मुद्रण. पण आधी फाइलच्या पोटात काय निघालं ते सांगतो.

स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या सुरांचा रंगपट, काढायला फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. नमुन्यांच्या निम्म्या आकड्यापर्यंतचेच सूर फाइलमध्ये मावतात, म्हणून ९६ किलोहर्ट्झच्या फाइलचा पट ४८ पर्यंत जातो. या फाइलमध्ये रंग २२ पर्यंत चढले आणि तिथे कात्रीने कापल्यासारखे थांबले. वरचा अर्ध्याहून जास्त पट काळाकुळकुळीत, गाणं कुठलंही घ्या. वाद्यांचा आवाज असा रेषेवर थांबत नाही, तो विरत जातो. इतकी सरळ रेघ दिसली की मूळ सीडीसारखं ४४.१ चं होतं असंच धरून चालायचं. आणखी एक गोष्ट दिसली. १५.६ किलोहर्ट्झच्या उंचीवर एक बारीक आडवी रेघ, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. ती मी लगेच ओळखली. आपल्याकडचे जुने काचेचे टीव्ही ६२५ रेषांचे, सेकंदाला २५ चित्रं, गुणाकार १५,६२५. तेवढ्याच हर्ट्झची शीळ टीव्हीतून निघायची आणि मायक्रोफोनमधून किंवा तारांमधून मुद्रणात शिरायची. स्टुडिओत कुणीतरी टीव्ही चालू ठेवला होता! मित्राच्या नववीतल्या मुलीला ती शीळ हेडफोनवर ऐकू आली. आम्हा पंचावन्नच्या पुढच्या पाच जणांपैकी एकालाही नाही. आणि आम्ही ४० किलोहर्ट्झवरून भांडत होतो.

जुना इतिहास या प्रकरणाला दुरूनच लागतो. आपल्याकडे १९०२ मध्ये कलकत्त्यात पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणं झाली. विजेचे मायक्रोफोन येईपर्यंत सगळं भोंग्यापुढे तोंड करून गायचं, आणि वरच्या पट्ट्यातलं फारसं काही तबकडीवर उतरायचंच नाही. या तबकड्या आज २४/९६ मध्ये उतरवतात ते जतनासाठी, खरखर आणि टिचक्या काढणं सोपं जातं म्हणून. पुढे टेप आली, एलपी आली. चांगल्या टेपवर २० किलोहर्ट्झच्या वरही काहीबाही सापडतं, पण हळू आणि मोठ्या आवाजातला पल्ला ६०-७० डेसिबलच्या आसपास संपतो. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीचा पल्ला ९६ डेसिबल. तिचा ४४.१ हा आकडाही टीव्हीच्याच घराण्यातला. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर चित्राच्या जागी साठवत: एका रेषेत ३ नमुने, २९४ रेषा, सेकंदाला ५० वेळा. कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणजे त्याचं काम ४० च्या थोडं वर कुठल्याही आकड्याने भागलं असतं. १९९९ आणि २००० मध्ये सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या दोन प्रकारच्या तबकड्या आल्या. ठाण्यात त्या मी दोनच घरांत पाहिल्या.

मला नीट माहिती आहे तो काळ १९९१ ते ९९ चा. तेव्हा मी दादरच्या एका स्टुडिओत मशिनं सांभाळायचो आणि शेवटच्या कर्जत लोकलने ठाण्याला उतरायचो. पत्त्यांच्या कॅटाहून लहान कॅसेटचं डॅट, म्हणजे डिजिटल आवाजाची टेप, १९८७ मध्ये निघालं होतं, आमच्याकडे ते चार वर्षांनी पोचलं. १९९२ पासून व्हीएचएसच्या आकाराच्या कॅसेटवर आठ ट्रॅक घेणारी मशिनंही मिळू लागली. दोन्ही १६ बिटांची. टेपची फुसफुस गेली, रिळांचा खर्च वाचला, सगळे खूश. पण त्या दिवसांत डॅटवर जे उतरलं ते ४४.१ किंवा ४८ वर, १६ बिटांत उतरलं, आणि त्याच्या वरचं काही कुठे शिल्लकच नाही. आधीच्या टेपवरच्या मुद्रणाची गोष्ट वेगळी. १९६८ चं गाणं मूळ टेपवरून आज २४/९६ मध्ये काळजीपूर्वक उतरवता येतं. १९९४ चं डॅटवरचं गाणं उतरवता येत नाही, फक्त फुगवता येतं. जुनं जास्त ‘हाय-रेझ’ आणि नवं कमी, हे गिऱ्हाइकाच्या गळी उतरत नाही, आणि विकणारेही ते सांगायच्या भानगडीत पडत नाहीत.

आता ‘मास्टर’. आमच्याकडे एका अल्बमचे किमान चार मास्टर असत. मिक्स झाल्यावर उतरलेला पहिला. त्याची हुबेहूब प्रत, तिला आम्ही सेफ्टी म्हणायचो. तिसरा कॅसेटवाल्यांसाठी: दोन्ही बाजूंची लांबी जुळावी म्हणून गाण्यांचा क्रम फिरवलेला आणि कॅसेटमध्ये वरचे सूर मरतात म्हणून ते आधीच चढवून ठेवलेले. चौथा सीडीचा, तो कधी दोन-तीन वर्षांनी, कधी निराळ्याच माणसाने केलेला. चौघांच्याही डब्यांवर बॉलपेनने ‘मास्टर’ एवढंच. पुढे कधी तारीख, कधी नुसतं गायकाचं आडनाव. पुढे कंपन्या विकल्या गेल्या, गोदामं हलली, आणि डिजिटल विक्रीसाठी फाइली करायची वेळ आली तेव्हा कपाटातून कुठला डबा बाहेर आला हे सांगणारा माणूस निवृत्त झालेला होता. बऱ्याचदा डबा काढलाच जात नाही, सीडीच उचलतात. तरी ‘स्टुडिओ मास्टर’ हे शब्द खोटे ठरवता येत नाहीत, कारण सीडीचा मास्टरही कुठल्यातरी स्टुडिओतच झालेला असतो.

ही पळवाट अधिकृत झाली ती जून २०१४ मध्ये. तोवर हाय-रेझ म्हणजे काय यावर एकमत नव्हतं. अमेरिकेतल्या तीन संघटनांनी मोठ्या संगीत कंपन्यांना सोबत घेऊन व्याख्या जाहीर केली. तिचा आशय असा: सीडीपेक्षा सरस स्रोतावरून मास्टर केलेल्या मुद्रणातला सगळा आवाज पुन्हा उभा करू शकेल असा, काहीही न गाळलेला ध्वनी. इथपर्यंत कुणाचीच हरकत नव्हती. मग खाली स्रोताचे चार वर्ग दिले, प्रत्येकाला एक अक्षर. पहिला ४८ किलोहर्ट्झ/२० बिट किंवा त्याहून वरच्या डिजिटल मास्टरचा. दुसरा अॅनालॉग टेपचा. तिसरा सीडीच्या मास्टरचा, म्हणजे ४४.१/१६. चौथा एक-बिट पद्धतीच्या, १९९९ च्या तबकड्यांवर असायचं तशा मुद्रणाचा. तिसरा वर्ग पुन्हा वाचा. वरच्या वाक्यात ‘सीडीपेक्षा सरस’ म्हणायचं आणि खाली सीडीलाच पाटावर बसवायचं!

असं का केलं असेल? माझा कयास सरळ आहे. सुरुवातीच्या डिजिटल काळातल्या हजारो अल्बमांचं १६ बिटांपलीकडे काही अस्तित्वातच नाही, आणि एवढा माल दुकानाबाहेर ठेवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. व्याख्येची बाजू घेणारे म्हणतात की वर्ग सांगितले म्हणजे फसवणूक कुठे आली, गिऱ्हाइकाने अक्षर बघून घ्यावं. हे म्हणणं मी मान्य केलं असतं. पण ती अक्षरं छापणं ऐच्छिक ठेवलं, आणि ऐच्छिक गोष्टीचं जे होतं तेच झालं. मी गेल्या काही वर्षांत घेतलेल्या अल्बमांपैकी एकाच्याही पानावर वर्ग पाहिलेला नाही. पानावर आकडे असतात, आणि आकडे किटलीचे असतात. अर्धा लिटर दूध पाच लिटरच्या किटलीत ओतून आणलं तर दूधवाल्याला आपण दारातूनच परत पाठवू. इथे किटलीचे पैसे देऊन घेतो.

त्याच वर्षी जपानमधल्या संघटनांनी वेगळी वाट धरली. त्यांनी सीडीचा दर्जा बाहेर ठेवला आणि काळ्यावर सोनेरी अक्षरांच्या खुणेसाठी ९६/२४ चं मुद्रण आणि मायक्रोफोनपासून स्पीकर-हेडफोनपर्यंत ४० किलोहर्ट्झची क्षमता अशी अट घातली. वाशीच्या मॉलमध्ये हेडफोनच्या खोक्यावर दिसतं ते सोनेरी स्टिकर हेच. ते यंत्राची ताकद सांगतं. त्यात कुठलं गाणं घालणार, याच्याशी त्याचा संबंध नाही.

फुगवण्याचेही दोन प्रकार आहेत आणि आमच्या रविवारच्या वादात ते नेहमी एकमेकांत मिसळतात. एक, वरचा, नमुन्यांचा वेग वाढवण्याचा, जो रंगपटावर दिसतो. दुसरा, १६ बिटांना मागे ८ शून्यं जोडून २४ म्हणायचं. हा रंगपटावर दिसत नाही, पण फ्लॅकमध्ये, म्हणजे काही न गाळता लहान केलेल्या फाइलमध्ये, लपतही नाही. फ्लॅक बनवणारा प्रोग्रॅम शेवटची बिटं रिकामी आहेत हे ओळखतो आणि ती साठवायची टाळतो. मग २४/४४.१ म्हणून घेतलेल्या अल्बमचं वजन सीडीवरून काढलेल्या १६ बिटांच्या फ्लॅकइतकंच भरतं. माझ्याकडे असा एक आहे. दोन्ही फोल्डर शेजारी ठेवून पाहिले आणि कपाळावर हात मारला.

खरं हाय-रेझ असलं तरी कानाला कळतं का, हा निराळा झगडा. २००७ मध्ये अमेरिकी ध्वनी-अभियंत्यांच्या नियतकालिकात एक चाचणी छापून आली. वरच्या दर्जाच्या तबकड्या वाजवायच्या आणि मधूनच आवाज सीडीच्या दर्जातून गाळून द्यायचा. ५५४ प्रयत्नांपैकी बरोबर उत्तरं २७६, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. टीकाकारांनी विचारलं की वापरलेल्या तबकड्यांतल्या किती मुळात खऱ्या वरच्या दर्जाच्या होत्या? म्हणजे आमच्या मित्राचाच प्रश्न. २०१६ मध्ये १८ प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले गेले. १२,५०० हून अधिक प्रयत्न, बरोबर ५२.३ टक्के. फरक आहे, पण बारीक. मला मात्र २००७ च्या चाचणीतली एक शेजारची नोंद जास्त मोलाची वाटते: त्या तबकड्या नेहमीच्या सीडींपेक्षा चांगल्या वाजायच्या, कारण त्या जास्त काळजीने मास्टर केल्या होत्या. आमच्या फाइलमधला तबला बिटांमुळे नाही, आवाज चढवण्याच्या हव्यासामुळे गुदमरला आहे.

भारतात गाणी डाउनलोड करून विकण्याचा धंदा कधी नीट बसलाच नाही. ठाणे स्टेशनबाहेर दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी वडापावच्या भावात मिळत असताना गाण्यागणिक पैसे कोण देणार? एका मोठ्या ऑनलाइन दुकानाने २०१२ मध्ये विक्री सुरू केली आणि २०१३ मध्ये गुंडाळली. हाय-रेझ विकणारी परदेशी दुकानं देशागणिक परवाने बघतात, त्यामुळे निम्मे अल्बम ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’. मग २०१४ मध्ये आवाजाची घडी घालून तो लहान फाइलमध्ये पाठवणारं एक तंत्र आलं, मूळ मास्टरची हमी देणारं. त्यात खरंच काही गाळलं जात नाही का, यावरून वर्षानुवर्षं खडाजंगी झाली आणि एप्रिल २०२३ मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीच्या दारात गेली. त्याआधी २०२१ मध्ये एका बड्या स्ट्रीमिंग सेवेने २४/१९२ पर्यंतचा आवाज जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली होती. तेव्हापासून विकत घेणारे आमच्यासारखे, फाइल आपल्या डिस्कवर हवी असणारे. बाकीचे तेच २४ बिट ब्लूटूथच्या इयरफोनवर ऐकतात, जिथे पोचेपर्यंत त्यातलं बरंच गाळलं जातं.

मित्राने दुकानाला रंगपटाचं चित्र पाठवलं. उत्तर आलं: फाइल कंपनीकडून जशी आली तशी दिली, आणि डाउनलोड सुरू झाल्यावर परतावा नाही. दोन मेलनंतर तेवढ्याच रकमेचं कूपन मिळालं. त्याला कूपन नको, पैसे हवेत. कायदा त्याच्या बाजूने बराच आहे: २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे, त्याच महिन्यात आलेल्या ई-व्यापाराच्या नियमांत डिजिटल उत्पादनंही धरलेली आहेत, तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. अडचण एकच. ‘स्टुडिओ मास्टर’ हे वर्णन दिशाभूल करणारं होतं हे दाखवायचं, तर तो मास्टर कुठला होता हे आधी कुणीतरी सांगायला हवं.

त्याचा आग्रह आहे की मी शोध घ्यावा. त्या अल्बमची कॅसेट माझ्याकडे नाही. त्याच वर्षी मी काम करायचो त्या स्टुडिओतल्या दुसऱ्या दोन मुद्रणांची डॅट आहेत. त्यांतही १५,६२५ ची शीळ निघाली तर मुद्रण आमच्याकडचं असण्याची शक्यता वाढते, आणि आमच्याकडचं असेल तर ते १६ बिटांवरचं झालं. डॅटचे डेक बनणं २००५ मध्ये थांबलं. माझा माळ्यावर आहे. परवा खाली काढून लावला, तर पुढच्या काचेवर दमटपणाचा दिवा लागला आणि कॅसेट आत घेईना. ठाण्याचा जुलै आहे, दिवाळीच्या आसपास पुन्हा लावून बघणार.