सस्पेन्शन (ऑफ-रोड एसयूव्हीचे) : ग्रामीण विदर्भातील निवड

गाडीचा सांगाडा आणि चाके यांच्यामध्ये बसणाऱ्या स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर आणि त्यांना जागेवर धरणारे दांडे यांच्या एकत्रित रचनेला सस्पेन्शन म्हणतात. पारिभाषिक लेखनात ‘निलंबन’ असाही शब्द आढळतो. गॅरेजमध्ये मात्र ‘पाटे’, ‘स्प्रिंग’, ‘शॉकअप’ अशी सुट्या भागांची नावे चालतात आणि खरेदीच्या चर्चेत तीच जास्त नेमकी ठरतात. प्रस्तुत नोंद शिवारात, पाणंदीत आणि जंगलवाटांवर चालवायच्या उंच गाड्यांपुरती मर्यादित आहे. भारतात एकाच मॉडेलला सस्पेन्शनचे दोन-तीन पर्याय सहसा मिळत नाहीत. महिंद्रच्या २०१० च्या पहिल्या थारमध्ये डीआय इंजिनाच्या आवृत्तीला पुढे पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आणि सीआरडीई इंजिनाच्या आवृत्तीला पुढे स्वतंत्र टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे) होते. असे उदाहरण विरळाच. त्यामुळे इथे सस्पेन्शन निवडणे म्हणजे बहुतांशी गाडीच निवडणे होय.

जमीन आणि वाटा. बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळ, वर्धा आणि नागपूरचा काही भाग हा मुख्यतः बेसाल्टच्या झिजेतून बनलेल्या काळ्या जमिनीचा प्रदेश आहे. या मातीतील स्मेक्टाइट गटाची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. एकच पाणंद जुलैत निसरडी, दिवाळीनंतर खोल चाकोऱ्यांची आणि एप्रिलमध्ये दगडासारखी टणक असते. जुलैतल्या गाऱ्यात सस्पेन्शनचा फारसा उपयोग नसतो. तिथे टायरची नक्षी, हवेचा दाब आणि चालवणाऱ्याचा संयम कामी येतो. सस्पेन्शनची खरी परीक्षा चाकोरीत होते. ओल्या मातीत ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी तशीच वाळते, आणि ट्रॅक्टरच्या दोन चाकांतले अंतर गाडीच्या चाकांशी जुळतेच असे नाही. मग गाडीचे एक चाक चाकोरीत उतरते, दुसरे मधल्या उंचवट्यावर चढते आणि गाडी मैलभर तशीच तिरपी चालते. बैलबंडीला या वाटेवर स्प्रिंग लागत नाही, कारण बैलाच्या चालीला तिची गरज पडत नाही. वेग वाढला की गरज निर्माण होते.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्व भागात धानाच्या बांध्या (खाचरे), त्यांचे धुरे (बांध) आणि मुरमाड वाटा आहेत. धुरा तिरपा ओलांडताना समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाके एकाच वेळी वर उचलली जातात. मेळघाटात, म्हणजे धारणी-चिखलदऱ्याकडे, सुटे दगड आणि चढ आहेत. ‘ग्रामरस्ता’ हा वर्ग ज्या आराखड्यामुळे देशभर रूढ झाला तो १९४३ साली नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेतून निघाला आणि म्हणूनच ‘नागपूर योजना’ या नावाने ओळखला जातो. त्यात राष्ट्रीय महामार्ग, प्रांतीय महामार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामरस्ते अशी उतरंड आहे. शेतावर जाणारी पाणंद त्या उतरंडीच्याही खाली पडते, आणि वर्षातले निम्मे दिवस गाडी तिच्यावरूनच जाते.

पाटे आणि स्प्रिंग : उगमाचा प्रश्न. पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या स्प्रिंगला ‘पाटे’ किंवा ‘कमान’ म्हणतात. ‘कमान’ हा शब्द फारसीतील धनुष्यवाचक शब्दावरून आला. पाट्याचा जनक म्हणून ओबादाया एलियट या इंग्रज कारागिराचे नाव बऱ्याच ठिकाणी दिले जाते. तथापि पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा घोडागाड्यांना त्याच्या आधीपासून बसवल्या जात होत्या. एलियटच्या १८०४ च्या पेटंटातील नवे ते लंबगोल पाटे, आणि त्यांमुळे घोडागाडीखालचा जड लाकडी दांडा काढून टाकता आला ही गोष्ट. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. गुंडाळीच्या (कॉइल) स्प्रिंगचे इंग्लंडमधील पेटंट सामान्यतः १७६३ चे मानतात. स्प्रिंगचा ताण आणि भार यांचे प्रमाण सांगणारा रॉबर्ट हुक याचा नियम त्याहून जुना, १६७८ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे.

खडतर वाटेच्या गाडीत कॉइल स्प्रिंग पहिल्यांदा कोणी आणली, याबद्दल मतभेद आहेत. १९७० च्या रेंज रोव्हरला हा मान देण्याची प्रथा आहे, कारण तिच्या दोन्ही अखंड आसांवर (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या एकसंध दांड्यांवर) लांब चालीच्या, म्हणजे जास्त दबू-ताणू शकणाऱ्या, कॉइल होत्या. १९६६ च्या फोर्ड ब्रॉन्कोला पुढच्या आसावर कॉइल होत्या, मागे मात्र पाटे होते. या दोन्हींपेक्षा जुना दाखला जर्मनीच्या युनिमोगचा आहे. १९४८ च्या सुमारास उत्पादनात आलेल्या या वाहनाला पुढे-मागे अखंड आस आणि दोन्हींवर कॉइल स्प्रिंगा होत्या. त्याची कल्पना शेतीची अवजारे वाहून नेणारे यंत्र म्हणून झाली होती, ही बाब शेतकरी वाचकाने आवर्जून लक्षात घ्यावी. रेंज रोव्हरचे श्रेय ‘आरामदायी गाडीत प्रथम’ एवढ्या मर्यादेत ठेवणे सयुक्तिक होय.

भारतात ही परंपरा जीपपासून सुरू होते. महिंद्रने विलीज जीपची जुळणी कधी सुरू केली यासाठी १९४७ आणि १९४९ ही दोन्ही वर्षे आढळतात; १९४० च्या दशकाची अखेर असे म्हणणे सुरक्षित. त्या जीपला चारही बाजूंनी पाटे होते. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीलाही तेच होते, आणि ताडोब्याच्या सफारीने तिला दीर्घकाळ सांभाळले. सहा पर्यटक, एक वाटाड्या आणि एक चालक अशी आठ माणसे, म्हणजे सुमारे पाचशे किलोंचा भार, जेमतेम टनभर वजनाच्या गाडीवर रोज दोनदा जंगलात फिरला. पाट्यांची शिफारस करायला याहून बळकट पुरावा शोधण्याची गरज नाही. त्याच पाट्यांनी पर्यटकांच्या पाठीचे काय केले, हेही जाणकारांना माहीत आहे.

रचनांचे गुणदोष. पाटे एकाच वेळी तीन कामे करतात : भार पेलतात, आसाला जागेवर धरतात आणि पट्ट्यांच्या परस्पर घर्षणाने थोडा हेलकावाही शोषतात. हे घर्षणच रिकाम्या गाडीत गचके देते, कारण लहान खड्ड्याला पाटा हलतच नाही. पाट्याचा ताठपणा पट्टीच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. जाडी दहा टक्के वाढवली की ताठपणा सुमारे तेहतीस टक्के वाढतो. कॉइलचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो, म्हणून १२ मिलिमीटरऐवजी १३ मिलिमीटर तार घेतली की स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. बाजारात ‘थोडी जाड’ म्हणून मिळणारी स्प्रिंग बसवण्यापूर्वी हा हिशोब करावा.

अखंड आस (सॉलिड एक्सल) आणि स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापले वर-खाली होते अशी रचना) यांतला भेद मात्र स्प्रिंगच्या प्रकारापेक्षा महत्त्वाचा आहे. अखंड आसाचे एक चाक वर गेले की दुसरे खाली दाबले जाते, म्हणून तिरप्या धुऱ्यावर चारही चाके जमिनीला धरून राहण्याची शक्यता वाढते. शिवाय डिफरन्शियलचा (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या दातेरी जुळणीचा) गोळा आसासोबतच हलतो. गाडीत कितीही भार टाकला तरी त्याच्याखालची मोकळी जागा (टायर दबण्याइतका फरक सोडल्यास) तेवढीच राहते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये गाडी भाराने खाली बसली की पोटाखालची जागाही कमी होते. याचाच दुसरा अर्थ असा की स्प्रिंग उंच करणारा लिफ्ट किट लावून आसाखालची जागा वाढत नाही. ती फक्त मोठ्या टायरने वाढते. चाकोरीतला मधला उंचवटा आधी नेमक्या या गोळ्यालाच लागतो. बाजारातला ‘दोन इंच उचललेली गाडी’ हा दिलासा पाणंदीत म्हणून अर्धाच खरा ठरतो.

सध्याच्या गाड्यांत मिश्र रचना जास्त आहे. २०२० च्या थारला पुढे स्वतंत्र डबल विशबोन (चाकाला वरून आणि खालून धरणारे दोन दांडे) आणि मागे कॉइलवरचा अखंड आस आहे. जाहीर केलेली जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर. फोर्स गुरखाची (२०२१ पासून) रचना याच जातीची असून तिला दोन्ही आसांवर डिफरन्शियल लॉक (डावे-उजवे चाक एकाच वेगाने फिरवणारी सोय) मिळते. मारुतीच्या २०२३ च्या जिम्नीला पुढेही आणि मागेही कॉइलवरचे अखंड आस आहेत आणि उंची २१० मिलिमीटर आहे. कागदावर थारपेक्षा १६ मिलिमीटर कमी असूनही वाकड्यातिकड्या धुऱ्यावर तिचे पुढचे चाक जमीन धरून राहते, ते या रचनेमुळे. स्कॉर्पिओ-एन (२०२२) आणि थार रॉक्स (२०२४) यांच्या मागच्या आसाला वॅटचा जोड आहे. जेम्स वॅटने अठराव्या शतकात वाफेच्या इंजिनासाठी शोधलेली ही दांड्यांची जुळणी आसाला आडवे सरकू देत नाही. बोलेरोच्या मागे आजही पाटे आहेत, तसेच हायलक्स आणि व्ही-क्रॉस या पिकअपांनाही. टॉर्शन बार आता मागे पडला आहे. हवेच्या सस्पेन्शनच्या महागड्या गाड्या इथल्या गावात विचारात घेण्याचे कारण दिसत नाही.

निवड. ग्राहक सहसा डांबरी रस्त्यावर, रिकाम्या गाडीत चाचणी घेतो आणि मऊ बसली ती गाडी पसंत करतो. नोंदकाराच्या मते इथेच चूक होते. आधी भार मोजावा. युरियाचे पोते ४५ किलोंचे, डीएपीचे ५० किलोंचे. प्रत्येकी चार पोती आणि चार माणसे म्हटली तरी साडेसहाशे किलोंच्या आसपास आकडा जातो. तो गाडीच्या अधिकृत भारक्षमतेत बसतो का, हे पुस्तिकेत पाहावे. मऊ कॉइलवर असा भार टाकला की मागची बाजू बसते, दिव्यांचा झोत झाडांवर जातो आणि स्प्रिंगची उरलेली चाल पहिल्याच खड्ड्यात संपते. हंगामात असा भार नेहमी वाहायचा असेल तर मागे पाटे असलेली गाडी किंवा पिकअप घ्यावा; त्यात भार वाढल्यावरच कामाला लागणारा हेल्पर पाटा असला तर उत्तम. घरची माणसे, तालुक्याची ये-जा आणि अधूनमधून वावरात जाणे एवढा उपयोग असेल तर मागे कॉइलवरचा अखंड आस आणि पुढे स्वतंत्र रचना हा विदर्भासाठी सर्वांत समतोल पर्याय दिसतो. धानपट्ट्यात आणि मेळघाटात हलकी गाडी हवी असेल तर दोन्ही अखंड आसांचा विचार करावा, पण महामार्गावर सुकाणू थोडे सैल भासेल हे आधीच स्वीकारावे. मोनोकॉक बांधणीच्या (वेगळा सांगाडा नसलेल्या) शहरी एसयूव्हीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर यांचा एकत्र खांब) असतो. मुरमाच्या रस्त्यापर्यंत तीही पुरते.

शॉकॲब्सॉर्बरकडे खरेदीत दुर्लक्ष होते. स्प्रिंग भार पेलते, तर शॉकॲब्सॉर्बर तिचा हेलकावा थांबवतो. गिट्टीच्या लांब पट्ट्यावर त्यातले तेल तापते आणि पकड ढिली पडते. एकेरी नळीचा, गॅस भरलेला प्रकार उष्णता लवकर बाहेर टाकतो. दुहेरी नळीचा प्रकार बाहेरून दगड लागल्यास अधिक तग धरतो. चाचणीला शक्य असल्यास चार माणसे बसवून कच्च्या वाटेवर जावे, एक धुरा तिरपा ओलांडावा आणि नंतर गाडीखाली वाकून सर्वांत खालचा भाग कोणता, ते टेपने मोजून पाहावे.

बदल आणि कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ ग्राह्य धरला. लिफ्ट किटने प्रोपेलर शाफ्टचा (आसाकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा) कोन बदलतो, गुरुत्वमध्य वर जातो आणि विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. जिथे मागचा आस आडव्या पॅनहार्ड दांड्यावर धरलेला असतो तिथे गाडी उचलल्यावर आस एका बाजूला सरकतोही.

निगा. पावसाळ्यानंतर काळी माती पाट्यांच्या फटींत आणि कॉइलच्या खालच्या बैठकीत सुकून बसते व ओल धरून गंज चढवते. दसऱ्यापूर्वी ती पाण्याच्या जोराने धुऊन काढावी, पाटे आसाशी बांधणारे यू-बोल्ट आवळावेत आणि सांध्यांतले रबरी बुश तपासावेत; काळ्या मातीत सर्वांत आधी तेच जातात.