टोंगाचा झेंडा आणि रेड क्रॉसचा झेंडा

टोंगा हे दक्षिण प्रशांत महासागरातलं लाखभर वस्तीचं बेटांचं राज्य. तिथे आजही राजा आहे, छोटं सैन्य आहे आणि आरमाराच्या गस्तीनौकाही आहेत. प्रत्येक नौकेच्या नावाआधी ‘वाका ओ एने आफिओ’, म्हणजे ‘महाराजांचं जहाज’, या शब्दांची आद्याक्षरं लावतात.

या राज्याच्या झेंड्यावरचा क्रूस रेड क्रॉसच्या क्रूसाशेजारी ठेवला, तर कुठला कोणाचा हे ओळखणं अवघड जाईल. दोन्ही लाल, दोन्हींचे चारही हात सारखे, आणि ते कडेला न भिडता अलीकडेच थांबलेले. (इंग्लंडच्या झेंड्यावरचा लाल क्रूस चारही कडांपर्यंत जातो, त्यामुळे तो लगेच वेगळा काढता येतो.) म्हणून क्रूसापेक्षा त्याच्या भोवतीचा रंग बघायचा. टोंगाचा सगळा झेंडा लाल असतो. काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात तेवढा पांढरा चौकोन आणि त्यात क्रूस. रेड क्रॉसचा झेंडा पूर्ण पांढरा, क्रूस मधोमध.

हे साम्य इतकं जवळचं होतं की टोंगाला आपला झेंडा बदलावा लागला. आधी त्यांचाही झेंडा पांढराच होता, त्यावर लाल क्रूस. पण २२ ऑगस्ट १८६४ च्या जिनिव्हा करारात सैन्याच्या वैद्यकीय पथकांसाठी नेमकं हेच चिन्ह ठरलं होतं. स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे करून ते घेतलेलं. मग टोंगाचा क्रूस कोपऱ्यात गेला आणि बाकी झेंडा लाल झाला. राजा जॉर्ज तुपू पहिला याने ४ नोव्हेंबर १८७५ ला राज्यघटना दिली. हा झेंडा कधीही बदलला जाणार नाही, असं तिच्यात लिहिलेलं आहे. राजघराण्याचं निशाण वेगळं आहे. तारे, मुकुट, कबुतर आणि तलवारी असलेलं. त्यालाही त्याच कलमात जागा आहे.

दिसण्यापेक्षा अर्थातला फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. टोंगाच्या लोकांसाठी तो लाल रंग येशूच्या रक्ताचा आहे आणि क्रूस त्यांच्या श्रद्धेचा. जिनिव्हाच्या चिन्हाला मात्र कुठलाही धार्मिक अर्थ दिलेला नाही. युद्धात ते एवढंच सांगतं की इथे जखमी आहेत, गोळी झाडू नका. लढाऊ जहाजावरचं देशाचं निशाण याच्या अगदी उलट बोलतं: आम्ही या राजाचे सैनिक आहोत. अशा दोन निशाणांची गल्लत झाली तर माणसं मरतील. म्हणूनच या चिन्हाचा आणि त्याच्या नकलेचा गैरवापर करारानेच बंद केला आहे. आपल्याकडेही १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. डॉक्टरांच्या गाड्यांवर आणि दवाखान्यांच्या पाट्यांवर ते सर्रास दिसतं, ते चूकच आहे.

दोन्ही झेंडे एकाच जहाजावर येण्याची वेळ मात्र येऊ शकते. १९४९ च्या दुसऱ्या जिनिव्हा करारानुसार रुग्णालय-जहाजाने आपल्या देशाचा झेंडा लावायचा, आणि मुख्य डोलकाठीवर शक्य तितक्या उंच पांढरा, लाल क्रूसाचा. टोंगाने उद्या असं जहाज समुद्रात उतरवलं, तर त्यावर तोच क्रूस दोनदा फडकेल, एकदा राज्याचा म्हणून आणि एकदा जखमींचा म्हणून.