डिबग माहिती असली म्हणजे प्रोफायलरने दाखवलेली ओळ अचूक असते का?

प्रोग्रॅम डिबग माहितीसह (म्हणजे यंत्रसूचना मूळ सोर्स कोडशी जोडणाऱ्या नोंदींसह) कंपाइल केला की प्रोफायलर, म्हणजे प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते मोजणारे साधन, वेळखाऊ ओळ नेमकी दाखवतो, हा जुना समज अर्धाच खरा आहे. ड्वार्फ या डिबग माहितीच्या प्रचलित स्वरूपातील ओळींचा तक्ता यंत्रसूचनेचा पत्ता आणि सोर्समधील ओळ यांची सांगड घालतो. परंतु ऑप्टिमायझर, म्हणजे कंपायलरचा कोड वेगवान करणारा भाग, सूचना पुढेमागे हलवतो, काही एकत्र करतो, आणि अशा सूचनेला कंपायलर कधी कधी शून्य क्रमांकाची ओळ देतो, म्हणजेच ठरवता येत नाही असे कबूल करतो. शिवाय प्रोसेसर एकाच वेळी अनेक सूचना हाताळत असल्याने प्रोफायलर अधूनमधून टिपतो तो नमुना (त्या क्षणी कोणती सूचना चालू आहे याची नोंद) पुष्कळदा खऱ्या खर्चिक सूचनेच्या पुढच्या सूचनेवर नोंदला जातो, आणि ही चूक कितीही तपशीलवार डिबग माहितीने दुरुस्त होत नाही. ऑप्टिमायझेशन बंद करून मोजणे तर त्याहून वाईट, कारण मग मोजला जातो तो वेगळाच प्रोग्रॅम.