आधी नाम, मग क्रियापद

आपण 'पत्र वाच' म्हणतो. इंग्रजी बोलणारा आधी 'वाच' म्हणतो आणि काय वाचायचं ते नंतर सांगतो. डॉस या जुन्या, आज्ञा टंकून चालवायच्या प्रणालीच्या काळ्या पडद्यावर हाच इंग्रजी क्रम चालायचा. आधी 'टाइप', 'कॉपी' किंवा 'डेल' ही आज्ञा, मग एक जागा सोडून फाइलचं नाव. माउस आला आणि क्रम फिरला. आधी फाइलवर क्लिक करायचं, तिचं काय करायचं ते मग मेन्यूतून निवडायचं. इंटरफेस घडवणाऱ्यांच्या भाषेत याला नाम-क्रियापद पद्धत म्हणतात. कर्म आधी आणि क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या मराठी माणसाला ती सवयीची वाटावी यात नवल नाही.

डबल-क्लिकमध्ये मात्र क्रियापदच नसतं. आपण फक्त नाम उच्चारतो आणि गप्प बसतो. 'उघड', 'वाजव', 'चालव' यांतलं काय अभिप्रेत आहे ते संगणकानंच ओळखायचं. त्यासाठी त्याला दोन गोष्टी ठाऊक हव्यात: ही फाइल कोणत्या प्रकारची आहे, आणि या प्रकारच्या फाइलचं काय करतात. डिस्कवर तर पत्र, चित्र, गाणं सगळं म्हणजे आकड्यांची रांग. मग हे ज्ञान ठेवायचं कुठे? ऐंशीच्या दशकात या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं निघाली, आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक उत्तर वापरणाऱ्याला उघडून पाहता येत होतं, बदलताही येत होतं. मला त्या काळाबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

सगळ्यात साधं उत्तर म्हणजे नावातच प्रकार लिहिणं. गॅरी किल्डॉलच्या सीपी/एम या प्रणालीत फाइलचं नाव आठ अक्षरांचं आणि त्यापुढे प्रकार सांगणारी तीन अक्षरं अशी रचना होती. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीच्या डॉसनं ती जशीच्या तशी उचलली. टिंबापुढची ही तीन अक्षरं म्हणजे फाइलचं आडनावच. ते बदलायला कोणाची परवानगी लागत नाही, हीच त्याची सोय आणि हाच त्याचा धोका.

१९८५ च्या अटारी एसटी संगणकावर जेम नावाचा डेस्कटॉप होता. ओळख नसलेल्या फाइलवर डबल-क्लिक केलं की तो सरळ विचारायचा: दाखवू, छापू, की राहू दे? मेन्यूत 'इन्स्टॉल अॅप्लिकेशन' नावाची आज्ञा होती. एखादा प्रोग्रॅम निवडून तिथे तीन अक्षरं भरली की त्या आडनावाच्या फाइली त्या प्रोग्रॅमकडे जाऊ लागत. त्यानंतर 'सेव्ह डेस्कटॉप' करायला विसरलात तर संगणक बंद होताच सगळं पुसलं जाई. केलंत तर ते 'डेस्कटॉप.आयएनएफ' या छोट्या फाइलमध्ये साध्या मजकुराच्या ओळींत उतरे. एक ओळ, एक संबंध. कोणत्याही एडिटरमध्ये ती फाइल उघडून वाचता यायची.

अॅपलनं १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये नावाला हातच लावला नाही. फाइलच्या नोंदीत, नावापासून वेगळे, चार-चार अक्षरांचे दोन संकेत ठेवले. पहिला फाइलचा प्रकार सांगे, दुसरा ती कोणत्या प्रोग्रॅमनं जन्माला घातली ते. दुसऱ्या संकेताला मी फाइलचं माहेर म्हणेन. साध्या मजकुराच्या दोन फाइली, प्रकार एकच, पण एक डबल-क्लिकवर या एडिटरमध्ये उघडेल आणि दुसरी त्या. कारण दोघींची माहेरं वेगळी. नाव काहीही ठेवा, टिंब द्या अथवा देऊ नका, फाइल आपलं घर विसरत नसे. या सगळ्यांत मला हे उत्तर सर्वांत सुंदर वाटतं.

ते टिकलं नाही, कारण माहेरची ही चिठ्ठी फाइलच्या मजकुरात नव्हती, तर मॅकच्या डिस्कवरच्या नोंदीत होती. साध्या मार्गानं फाइल दुसऱ्या जातीच्या संगणकावर गेली की चिठ्ठी वाटेत गळून पडे. उलट पीसीवरून आलेल्या फाइलीला चिठ्ठीच नसे. म्हणून पुढे 'पीसी एक्स्चेंज' नावाचं एक नियंत्रण आलं. त्यात पीसीचं तीन अक्षरी आडनाव आणि मॅकचे संकेत यांची जुळणी वापरणारा स्वतः लिहून ठेवू शकत असे.

मेन्यूंच्या बाबतीत तर मॅक फारच उदार होता. प्रोग्रॅमच्या मेन्यूतले शब्द त्याच्या सूचनांमध्ये शिवलेले नसत. ते 'रिसोर्स' म्हणून बाजूला ठेवलेले असत. अॅपलच्याच रेसएडिट या साधनानं ते उघडता येत आणि आज्ञेचं नाव किंवा तिची शॉर्टकट की बदलता येई. काम मूळ प्रोग्रॅमवर न करता त्याच्या प्रतीवर करायचं, एवढी एकच शिस्त पाळावी लागे. प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेत नेणाऱ्यांसाठी ही सोय मोलाची होती, कारण मूळ सूचनांना हात न लावता मेन्यू भाषांतरित करता येत.

१९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये फाइल मॅनेजरच्या मेन्यूत 'असोसिएट' अशी आज्ञा होती: आडनाव सांगा, प्रोग्रॅम दाखवा. पण खरी श्रीमंती आली ती २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आलेल्या विंडोज ९५ मध्ये. 'माय कॉम्प्युटर' उघडायचं, 'व्ह्यू'मधून 'ऑप्शन्स'मध्ये जायचं, आणि तिथे 'फाइल टाइप्स' असा एक कप्पा. त्यात संगणकाला ठाऊक असलेल्या सगळ्या प्रकारांची यादी. एखादा प्रकार निवडून 'एडिट' दाबलं की त्याच्या 'अॅक्शन्स' दिसत: 'ओपन', 'प्रिंट' वगैरे. विंडोजच्या तांत्रिक भाषेत त्यांना 'व्हर्ब', म्हणजे क्रियापदंच म्हणतात. म्हणजे ही खिडकी नामांचा आणि त्यांना लागणाऱ्या क्रियापदांचा कोश होती, आणि कोशात भर घालायची मुभा आपल्याला होती.

नवं क्रियापद घालायला दोन गोष्टी लागत: त्याचं नाव आणि त्यामागची आज्ञा. विंडोज ९५ ला देवनागरी येत नव्हती, पण रोमन अक्षरांत का होईना 'छापा' किंवा 'तपासा' असं नाव देता येई. नावातल्या एखाद्या अक्षराआधी 'आणि'चं चिन्ह (&) टाकलं की मेन्यूत ते अक्षर अधोरेखित होऊन त्याची की चाले. आज्ञेत प्रोग्रॅमचा पत्ता आणि पुढे टक्क्याचं चिन्ह व एक हा आकडा. ही जोडी म्हणजे रिकामी जागा. ज्या फाइलवर क्लिक होईल तिचं नाव तिथे बसे. मग त्या फाइलवर उजवं बटण दाबलं की मेन्यूत आपला शब्द हजर. अनेक क्रियापदांपैकी एकाला 'सेट डिफॉल्ट' करता येई आणि मेन्यूत तेच ठळक अक्षरांत दिसे. डबल-क्लिकचं न उच्चारलेलं क्रियापद ते हेच. आजच्या विंडोजच्या जुन्या धाटणीच्या, उजव्या बटणानं उघडणाऱ्या मेन्यूतही ती ठळक ओळ असते. पुष्कळांनी ती रोज पाहिलेली असते, पण ती ठळक का, हे विचारलेलं नसतं.

याच खिडकीत 'डीडीई' नावाच्या चार चौकटी होत्या. पुष्कळ जण तिथूनच मागे फिरत. खरं तर कल्पना सोपी होती. एक्सेल आधीच उघडा असेल तर दुसरी फाइल उघडण्यासाठी तो पुन्हा सुरू करण्यात अर्थ नाही. चालू एक्सेललाच 'ही फाइल उघड' असा निरोप धाडायचा. त्या चौकटींत हा निरोप आणि तो कोणाला द्यायचा, ते लिहिलेलं असे.

विंडोज ९५ नं लांब नावं आणली, २५५ अक्षरांपर्यंत, मध्ये जागा सोडलेली. आता 'आईचं पत्र' असं नाव त्या रिकाम्या जागेत बसलं की पुष्कळ प्रोग्रॅमना ती दोन नावं वाटत. ते आधी 'आईचं' शोधत, मग 'पत्र', आणि दोन्ही सापडत नाहीत म्हणून तक्रार करत. इलाज एवढाच की टक्का-एकच्या भोवती दुहेरी अवतरणचिन्हं घालायची. एवढ्याशा चिन्हांअभावी एखाद्याची संध्याकाळ वाया गेलेली असे.

याच विंडोजनं आणखी एक निर्णय घेतला, आणि माझ्या मते तो चुकीचा होता. ओळखीच्या प्रकारांची आडनावं तिनं डोळ्यांआड केली. ४ मे २००० रोजी जगभरच्या मेलपेट्यांत 'आय लव्ह यू' या विषयाचं पत्र येऊ लागलं. सोबतच्या फाइलच्या नावाच्या शेवटी '.टीएक्सटी' आणि त्यापुढे '.व्हीबीएस', म्हणजे आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टचं आडनाव, होतं. खरं आडनाव शेवटचं, तेच लपलं. लोकांना दिसलं प्रेमपत्र, साधा मजकूर. डबल-क्लिक झाला आणि न दिसणारं क्रियापद होतं 'चालव'. फिलिपीन्समध्ये जन्मलेली ती स्क्रिप्ट पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना स्वतःच्या प्रती पाठवत सुटली आणि चित्रांच्या फाइलींवर स्वतःला लिहीत गेली.

तेव्हा जाणकार जो एक उपाय सांगत, तो याच 'फाइल टाइप्स' खिडकीतला होता. 'व्हीबीएस' हा प्रकार शोधा, त्याच्या क्रियापदांत 'एडिट' निवडा आणि 'सेट डिफॉल्ट' दाबा. बस्स. त्यानंतर अशा फाइलवर डबल-क्लिक केलं तर ती नोटपॅडमध्ये मजकूर म्हणून उघडे, चालत नसे. एक क्रियापद बदललं की विषारी फाइल निमूटपणे वाचून घेता येई.

आपल्याकडच्या जुन्या मराठी फाइलींनी याच व्यवस्थेची दुसरी मर्यादा दाखवली. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामायिक संकेतपद्धत रुळण्यापूर्वी फॉन्टच्या आधारे टंकलेली मराठी कागदपत्रं डबल-क्लिकवर अगदी योग्य प्रोग्रॅममध्ये उघडत, पण तो फॉन्ट नसला तर पडद्यावर अगम्य चिन्हांचा पाऊस. आडनावावरून फाइलचा प्रकार कळतो. आतली अक्षरं कोणत्या संकेतात आहेत ते त्या तीन अक्षरांत कुठून मावणार?

मॅकमधलं माहेर २००९ च्या स्नो लेपर्ड या आवृत्तीपासून डबल-क्लिकच्या हिशेबातून गेलं. विंडोजमधली ती 'फाइल टाइप्स' खिडकी २००७ च्या विंडोज व्हिस्टात काढली गेली. तिच्या जागी आलेल्या पडद्यावर प्रकारासाठी प्रोग्रॅम निवडता येतो, नवं क्रियापद लिहिता येत नाही. मला ही काटछाट पटलेली नाही.

कोश मात्र अजून जागेवर आहे, रजिस्ट्री या विंडोजच्या नोंदवहीत. रजिस्ट्री एडिटर उघडा, काही न बदलता, आणि 'एचकी क्लासेस रूट'मध्ये 'टीएक्सटीफाइल' शोधा. त्याच्या आत 'शेल', त्याच्या आत 'ओपन', त्याच्या आत 'कमांड'. तिथे नोटपॅडचा पत्ता आणि पुढे तोच टक्का-एक दिसेल, तोही अवतरणचिन्हांशिवाय. नोटपॅडला ती लागत नाहीत. आपल्या नावापुढे जे काही येईल ते सगळं तो एकच नाव समजतो, जागांसकट.