घरगुती सर्व्हर : संगीत व छायाचित्रांचा संग्रह

कुटुंबाची ध्वनिमुद्रणे आणि छायाचित्रे एका ठिकाणी साठवून ती घरातील फोन, संगणक व टीव्ही यांना वायफायवरून पुरवणारा, बहुधा चोवीस तास चालू असणारा संगणक म्हणजे घरगुती सर्व्हर. जुना लॅपटॉप, रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक किंवा दोन-चार हार्ड डिस्क बसणारी, नेटवर्कवरून फायली पुरवणारी नॅस पेटी, यांपैकी काहीही त्यासाठी चालते. त्यावर सहसा लिनक्स ही संगणकप्रणाली असते. फायलींसाठी सांबा, संगीतासाठी नॅव्हिड्रोम वा जेलीफिन आणि छायाचित्रांसाठी इमिच ही मुक्त सॉफ्टवेअरे प्रचलित आहेत.

सीडीवरील ध्वनीला मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. फ्लॅक स्वरूपात मूळ ध्वनी जसाच्या तसा राखून ती साधारण निम्म्यावर येते आणि एक टेराबाइटच्या डिस्कवर हजाराहून अधिक सीडी सहज मावतात. त्यामुळे संगीतात अडचण जागेची नसून नोंदींची असते. गायक, अल्बम, संगीतकार हे ठरावीक रकाने ख्यालाला किंवा नाट्यगीताला पुरत नाहीत. राग, ताल, साथीदार, नाटकाचे नाव हे सारे कुठेतरी लिहावे लागते. फ्लॅकमध्ये असे रकाने स्वतः निर्माण करता येतात. रकान्याचे नाव रोमन लिपीत द्यावे लागते, मजकूर मात्र देवनागरीत चालतो. ही सर्व माहिती फाइलच्या नावात कोंबणे इष्ट नाही, कारण लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइलप्रणालीत (डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीत) नावाची मर्यादा २५५ बाइटची असून देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, तसेच प्रत्येक काना वा मात्राही, स्वतंत्रपणे ३ बाइट घेते. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हांत नाव संपवावे लागते.

घराबाहेरून संग्रह पाहायचा असल्यास वायरगार्डसारख्या व्हीपीएनचा (इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या खासगी, कूटबद्ध वाटेचा) मार्ग राउटरचे पोर्ट (बाहेरून आत येण्याचे दार) थेट उघडण्यापेक्षा सुरक्षित ठरतो.

१९८८ मध्ये बर्कली येथील संशोधकांनी मांडलेली, अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची रेड पद्धत अनेकदा बॅकअप समजली जाते, ही या विषयातील सर्वांत महागात पडणारी गैरसमजूत होय. तिच्या एका प्रकारात दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिला गेल्याने एक डिस्क बिघडली तरी काम अडत नाही. परंतु चुकून पुसलेला लग्नाचा अल्बम दोन्हींवरून त्याच क्षणी पुसला जातो, आणि चोरी, आग किंवा विजेचा झटका यांपुढे दोन्ही सारख्याच असहाय असतात. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक घराबाहेर, हा दंडक पाळावा. परगावच्या नातेवाइकाकडे ठेवलेली एन्क्रिप्टेड (कूटबद्ध) डिस्कही त्यासाठी पुरते. वीज वारंवार जाते तेथे छोटा यूपीएसही आवश्यक आहे, कारण लेखन चालू असताना यंत्र बंद पडल्यास फाइलप्रणाली बिघडू शकते. छायाचित्रांच्या बाबतीत केवळ फोटोंचे फोल्डर उतरवून घेणे अपुरे असते: इमिचमधील अल्बम आणि चेहऱ्यांना दिलेली आजी-आजोबांची नावे वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात, आणि त्याचीही प्रत नियमित घ्यावी लागते.