मोज्यातली सुरी, कमरेची कट्यार

स्कॉटलंडमधल्या एखाद्या लग्नात किल्ट, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा चौकडीदार घागरा, घातलेल्या नवऱ्यामुलाच्या उजव्या पायाकडे पाहावं. लोकरी मोज्याच्या दुमडीतून एक छोटी काळी मूठ डोकावत असते, बहुधा चांदीनं मढवलेली आणि टोकाला खडा बसवलेली. ही स्कीअन डू. पातं तीन-चार इंचांचं, धार एकाच बाजूला. ती फार पुरातन असल्याचं सर्रास सांगितलं जातं, पण चित्रांत आणि लेखी नोंदींत ती एकोणिसाव्या शतकाच्या आधी फारशी सापडत नाही.

खरी जुनी ती कमरेची कट्यार, डर्क. मध्ययुगीन खंजिरापासून सतराव्या शतकापर्यंत तिला हायलँडमधलं, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातलं, खास रूप आलं. पातं फूटभर किंवा त्याहून लांब आणि पुष्कळदा मोडलेल्या तलवारीतूनच कापून काढलेलं. मूठ कठीण लाकडाची, तिच्यावर गुंफलेल्या वेलीसारखं कोरीवकाम. लढताना उजव्या हातात तलवार, डाव्या दंडावर गोल ढाल आणि त्याच डाव्या मुठीत टोक खाली केलेली डर्क. घरी जेवताना मांस कापायलाही तीच. पुढे तर तिच्या म्यानालाच छोटी सुरी आणि काटा ठेवायचे कप्पे आले. डर्कवर हात ठेवून शपथ घ्यायचीही रीत होती.

पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी झालेल्या १७१५च्या जॅकोबाइट बंडानंतर लंडनच्या सरकारनं हायलँड निःशस्त्र करायला घेतलं. त्यासाठी केलेल्या कायद्यातल्या बंदी घातलेल्या शस्त्रांत डर्कचं नाव आहे. लोकांनी गंजकी हत्यारं जमा केली आणि चांगली लपवली, म्हणून १७२५मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. १६ एप्रिल १७४६ला कलोडनच्या माळावर बंडखोरांचा कायमचा पराभव झाला आणि मग शस्त्रांबरोबर पोशाखावरही गदा आली. किल्ट घातलेला पुरुष पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं समुद्रापार रवानगी. सैन्यात असलेल्यांना तेवढी सूट होती. बंडखोरांचा पोशाख टिकला तो राजाच्या पलटणींत! याच हायलँड पलटणींपैकी ७४ आणि ७८ क्रमांकाच्या दोन पलटणी १८०३मध्ये असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेपुढे उभ्या होत्या.

पोशाखावरची बंदी १७८२मध्ये उठली. तोवर जुनी पिढी सरली होती. किल्टकडे हौसेनं वळले ते मुख्यतः जमीनदार, लष्करी अधिकारी आणि १७७८मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या हायलँड सोसायटीतली बडी मंडळी. चित्रकार हेन्री रेबर्ननं ग्लेनगॅरीच्या मॅकडोनेल या टोळीप्रमुखाचं काढलेलं तैलचित्र एडिंबरोच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात कमरेला डर्क आहे आणि उजव्या मोज्यात छोट्या सुऱ्यांच्या मुठी दिसतात. टोळीप्रमुखाच्या या सगळ्या थाटात उभा असलेला हा गृहस्थ स्वतःच्या कुळांना जमिनीवरून हुसकावत होता, हे चित्र पाहताना विसरू नये.

ऑगस्ट १८२२मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. गादीवरचा राजा स्कॉटलंडात येण्याची ही पावणेदोनशे वर्षांतली पहिलीच वेळ. समारंभाची सूत्रं कादंबरीकार वॉल्टर स्कॉटकडे होती आणि पाहुण्यांनी हायलँड पोशाखात यावं असा त्याचा आग्रह. राजाच्या स्वतःच्या पोशाखाचं, शस्त्रं-दागिन्यांसकट, बिल झालं १,३५४ पौंड. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या बाल्मोरल-प्रेमानं (बाल्मोरल हा तिचा हायलँडमधला वाडा) या फॅशनला आणखी जोर आला आणि केर्नगॉर्म डोंगरांतले पिवळसर-तपकिरी स्फटिक मुठींवर चमकू लागले. हत्याराचा दागिना झाला तो असा.

स्कीअन डूच्या जन्माची लोकप्रिय कथा अशी: काखेत लपवलेली सुरी यजमानाच्या घरी शिरताना पाहुणा बाहेर काढी आणि सर्वांना दिसेल अशी मोज्यात खोची. कथा छान आहे, पुरावा तोकडा. शिकारीत हरणाचं कातडं सोलायच्या सुरीपासून ती आली असावी, हे मला जास्त पटतं. मॅकडोनेलच्या मोज्यातला जोडसंचही तिकडेच बोट दाखवतो.

आज सार्वजनिक जागी पातं बाळगणं स्कॉटलंडात गुन्हा आहे, पण १९९५च्या कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून सुरी बाळगणाऱ्याला बचाव मिळतो. त्याच कलमात धार्मिक कारणही मान्य आहे, ज्याचा आधार शिखांच्या कृपाणाला मिळतो. विमानाच्या केबिनमध्ये मात्र ही सवलत चालत नाही. म्हणूनच मूठ आणि म्यान एकसंध असलेली, पातंच नसलेली प्लॅस्टिकची स्कीअन डूही दुकानांत मिळते.